हजेरीचं बुक आणि अटकेचा फळा

पोलीस ठाण्यातला कागद म्हटलं की आपल्या वस्तीतला माणूस अजून दोन पावलं मागं सरतो. ही भीती आभाळातून पडली नाही. तिला इतिहास आहे, आणि तो आपल्या कोल्हापूरच्या मातीतलाच आहे.

कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना हजेरी लावली होती. गुन्हा केलेला असो नसो, जात हाच गुन्हा. 1918 साली शाहू महाराजांनी ती हजेरी बंद केली. पण बाहेर इंग्रजाचा 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा चालूच होता. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यातही आला. जमातीच्या जमाती रजिस्टरात घातल्या, बोटांचे ठसे घेतले, सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी केली. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 ला, हा कायदा देशभर रद्द झाला. कायदा गेला, बुक राहिलं. तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा, हे सुप्रीम कोर्टाला 3 ऑक्टोबर 2024 ला सांगावं लागलं!

म्हणजे नोंद होती, पण ती आपल्यावर ठेवलेली. लिहिणारे ते, वाचणारे ते. आपण फक्त अंगठा द्यायचा.

हे उलटं फिरवायला सुरुवात केली बाबासाहेबांनी. घटना समितीनं जीविताच्या हक्काच्या कलमातून योग्य न्यायप्रक्रियेचे शब्द गाळले होते. सरकारनं कायदा केला की माणूस आत टाकता येईल, अशी फट राहिली. ती बुजवायला 15 सप्टेंबर 1949 ला बाबासाहेबांनी नवं कलम मांडलं. तेच आजचं कलम 22. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेचं दारही उघडं राहिलं, हेही विसरू नका.

कलम कागदावर राहिलं आणि कोठडीत माणसं मरत राहिली. 1996 साली डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टानं अटकेचे नियम घालून दिले. पुढं ते कायद्यात आले. आज 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आहे. तिच्यातली चार कलमं पाठच करा.

कलम 36 : अटकेचा मेमो जागेवरच करायचा. त्यावर घरच्या माणसाची नाहीतर वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, आणि अटक झालेल्याचीही सही. कलम 37 : ठाण्यात आणि जिल्ह्यात अटक झालेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप ठळक लावायचं. त्यासाठी ठाण्यात अधिकारी नेमलेला असतो. कलम 48 : नातेवाइकाला कळवायचं, आणि कुणाला कळवलं ते ठाण्याच्या बुकात लिहायचं. कलम 53 : डॉक्टरी तपासणी, आणि तिची नक्कल अटक झालेल्याला. शिवाय 6 नोव्हेंबर 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे : अटकेची कारणं लेखी, माणसाला समजेल त्या भाषेत, रिमांडच्या किमान दोन तास आधी हातात द्यायची.

आता करायचं काय? पोरगं उचललं की आरडाओरडा नंतर, आधी फळा बघा. नाव नाही? नेमलेल्या अधिकाऱ्याला विचारा, वेळ टिपून ठेवा. गु.र.नं. मिळवा. 2016 च्या निकालानं एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकायची आहे, संवेदनशील गुन्हे सोडून. स्टेशन डायरीच्या नकलेसाठी माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. मुदत 30 दिवस. पण जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास, हे अर्जात वरच लिहा. "तपास चालू हाय" एवढं म्हणून भागत नाही, तपासाला अडथळा कसा येतो ते त्यांना सांगावं लागतं. नकार आला तर 30 दिवसांत अपील. आणि माणूसच दाखवत नसतील तर हायकोर्ट. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सर्किट बेंच आहे, आपल्या उचगावच्या उशाला.

कागदानं काय होतं, असं विचारणाऱ्यानं परभणी आठवावी. 10 डिसेंबर 2024 ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी सापडला, आणि 15 डिसेंबरला कोठडीत गेला. शवविच्छेदनाच्या कागदानं अंगावरच्या जखमा बोलल्या. 4 जुलै 2025 ला हायकोर्टानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. माणूस परत आला नाही. पण कागद नसता तर मरणही त्यांनी म्हटलं तसंच झालं असतं.

एक पथ्य मात्र पाळा. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. फळ्यावरचं नाव व्हॉट्सॲपवर फिरवू नका. संशयावरून माणसाला गुन्हेगार ठरवणं काय असतं, हे हजेरी दिलेल्यांच्या नातवंडांना कुणी शिकवायला नको. नाव शोधायचं ते त्याला सोडवायला.

म्हणून प्रत्येक वस्तीत दोघंतिघं तरी तयार करा, ज्यांना मेमो वाचता येतो, अर्ज लिहिता येतो. बाबासाहेबांनी शिका म्हटलं त्यात हेही शिकणं आलं.