दर चार तासांनी

शनिवारी सकाळी चहा-पोह्यांबरोबर वाचायला आजचा विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. विषय आहे हॉस्पिस, म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा माणसांचे शेवटचे दिवस नीट जावेत म्हणून असलेली जागा, आणि तिथे काम करणाऱ्या नर्सेस. पुण्यातल्या मंडळींनी मुंबई-बेंगलोर हायवेजवळ वारज्याला सिप्लाचं सेंटर पाहिलं असेल. १९९७ पासून ते तिथे आहे. हिंजवडीला जाता-येता आपण त्याच्या जवळून किती वेळा गेलो असू, मोजदाद नाही. पण आत नेमकं काय चालतं हे विचारलं तर आपलं उत्तर साधारण "तिथे गेलेला माणूस परत येत नाही" असं असतं. (प्रत्यक्षात त्रास आटोक्यात आला की बरेच पेशंट घरी परततात.)

मला ह्या विषयात रस वाटला तो एका वेगळ्याच कारणाने. ह्या अख्ख्या शास्त्राच्या मुळाशी एक शेड्युलिंगचा प्रश्न आहे, आणि तो ओळखला एका नर्सने.

आधी थोडा मागचा इतिहास. हॉस्पिस हा शब्द लॅटिनमधून आला. मूळ शब्दाचा अर्थ यजमानही होतो आणि पाहुणाही. मध्ययुगात युरोपात यात्रेकरूंना, दमल्या-भागल्यांना आसरा देणाऱ्या जागांना हॉस्पिस म्हणत. सरळ मराठीत सांगायचं तर धर्मशाळा. मरणासन्न माणसांसाठीची जागा हा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला. फ्रान्समध्ये लिऑनला १८४२ च्या सुमारास जान गार्निए ह्या विधवा बाईने असं काम सुरू केलं. मग १८७९ मध्ये डब्लिनला आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी ह्या नन्सनी हॉस्पिस उघडलं, आणि १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात सेंट जोसेफ्स. तिथे स्वच्छ चादर मिळायची, पेजपाणी मिळायचं, कुणीतरी हात धरून बसायचं. फक्त वेदना कमी करायचं शास्त्र तिथे पोचलेलं नव्हतं. आणि ते शास्त्र ज्यांच्याकडे असायला हवं होतं, त्या मोठ्या हॉस्पिटलांना ह्या पेशंटमध्ये फारसा रस नव्हता.

आता गोष्टीत येतात सिसली सॉन्डर्स. जन्म १९१८. ऑक्सफर्डला राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान वगैरे शिकत असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्यांनी कॉलेज सोडलं आणि १९४० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेल्या. नर्स झाल्या खऱ्या, पण पाठीच्या दुखण्यामुळे उचल-ठेव झेपेना. मग हॉस्पिटलातच समाजसेविकेचं काम धरलं. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित भेटला. वय चाळीस, कॅन्सर ऑपरेशनपलीकडे गेलेला, लंडनमध्ये जवळचं कुणी नाही. दोघं तासन् तास बोलत बसायचे. अशा माणसांसाठी कशी जागा हवी, हाच विषय. १९४८ मध्ये तो गेला आणि जाताना सिसलीबाईंच्या नावे ५०० पौंड ठेवून गेला. तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला होता. घराचा अजून पत्ता नव्हता. ते उभं राहायला पुढे १९ वर्षं लागली!

ह्यानंतर त्या लंडनमध्येच सेंट ल्यूक्स नावाच्या, मरणासन्न गरिबांसाठी चालवलेल्या लहानशा हॉस्पिटलात संध्याकाळी नर्स म्हणून स्वयंसेवा करायला लागल्या. आणि इथे त्यांना ती गोष्ट दिसली.

त्या काळी मोठ्या हॉस्पिटलांमध्ये कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन द्यायची पद्धत अशी: पेशंट दुखतंय म्हणून ओरडला की इंजेक्शन. आपल्याकडच्या प्रिस्क्रिप्शनवर आजही एस.ओ.एस. लिहिलेलं असतं ना, 'लागेल तेव्हा', तसंच. शिवाय सवय लागेल ही भीती, म्हणून दोन डोसांमध्ये जमेल तेवढं अंतर ठेवायचं. सेंट ल्यूक्समध्ये मात्र औषध ठरलेल्या वेळी, दर चार तासांनी, तोंडाने देत होते. दुखत असो वा नसो. आणि तिथले पेशंट शांत होते. झोपेत गुंगलेले नव्हेत. जागे, बोलणारे, हसणारे.

ह्यातला फरक आपल्या भाषेत सांगतो. 'लागेल तेव्हा' ही पद्धत म्हणजे सर्व्हर कोसळल्याशिवाय अलर्ट न देणारी सिस्टीम. वेदना चढणार, पेशंट बेल वाजवणार, नर्स येणार, औषध काढणार, ते भिनायला वेळ लागणार. तोवर वेदना शिगेला पोचलेली, म्हणून डोस मोठा. मग पेशंट गुंगणार, जागा झाला की परत तेच. दोन वेदनांच्या मधला वेळ पुढच्या वेदनेची वाट पाहण्यात जाणार, आणि औषधासाठी दर वेळी विनवणी करावी लागणार ते वेगळंच. घड्याळ लावून दिलं की आधीच्या डोसचा असर उतरायच्या आत पुढचा डोस पोटात असतो. वेदनेला डोकं वर काढायला जागाच राहत नाही, आणि कमी औषधात काम भागतं. साधा क्रॉन जॉब! पण हे सकाळच्या राऊंडला दोन मिनिटं येणाऱ्या डॉक्टरला कसं दिसणार? ते दिसलं पेशंटच्या उशाशी तासन् तास असणाऱ्या माणसाला. (आमच्या घरातल्या एका मोठ्या आजारपणात आत्या कालनिर्णयवर औषधांच्या वेळा लिहून एकेकीवर काट मारायची. शेड्युलिंग म्हटलं की मला आधी ते पान आठवतं, पुस्तकातले अल्गोरिदम नंतर.)

सिसलीबाईंना हे सगळीकडे पोचवायचं होतं. नॉर्मन बॅरेट ह्या सर्जनने त्यांना सरळ सांगितलं की नर्सचं कुणी ऐकणार नाही, डॉक्टर व्हा, कारण मरणाऱ्यांकडे पाठ डॉक्टरच फिरवतात. सल्ला कटू होता, पण व्यवहारी. त्यांनी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मेडिकलला प्रवेश घेतला आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. (आपण तिशीत नवीन लँग्वेज शिकायला कुरकुरतो.. असो.) १९५८ पासून हॅकनीच्या त्या नन्सकडे सेंट जोसेफ्समध्ये काम सुरू केलं. तिथे त्यांनी घड्याळाप्रमाणे औषध द्यायची शिस्त आणली, आणि प्रत्येक पेशंटची नोंद ठेवायला सुरुवात केली. काही वर्षांत हजाराच्या आसपास पेशंटचा डेटा जमला. मॉर्फिन दिल्यावर माणूस व्यसनी होतो, डोस वाढवतच न्यावा लागतो, ह्या समजुतींना आता निव्वळ मताने नाही, आकड्यांनी उत्तर देता येत होतं.

ह्याच काळात त्यांनी एक नवी कल्पना मांडली, 'टोटल पेन'. कुठे दुखतं असं विचारल्यावर एका बाईंनी पाठीपासून सुरुवात केली आणि मग सांगत सुटल्या. औषधं लागू पडत नाहीत, नवरा-मुलगा चांगले आहेत पण माझ्यापायी त्यांना काम सोडून घरी बसावं लागेल, पैसे बुडतील. शरीराचं दुखणं, पैशांची काळजी, घरच्यांवर ओझं झाल्याची टोचणी आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा प्रश्न, सगळं मिळून एकच वेदना. त्यातलं फक्त पहिलं गोळीने जातं. बाकीच्यासाठी कुणीतरी बसून ऐकावं लागतं.

१९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स उघडलं. टास्माची खिडकी तिथे आहे. उपचार, संशोधन आणि शिक्षण एका छताखाली आणणारं पहिलं आधुनिक हॉस्पिस ते हेच. १९६९ पासून तिथल्या नर्सेस पेशंटच्या घरी जायला लागल्या. तिकडे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या डीन फ्लॉरेन्स वाल्ड ह्यांनी १९६३ मध्ये सिसलीबाईंचं भाषण ऐकलं, पुढे डीनची खुर्ची सोडली, सेंट क्रिस्टोफर्सला जाऊन काम शिकल्या आणि १९७४ मध्ये कनेक्टिकटला अमेरिकेतलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं. पुन्हा एक नर्सच!

भारतात पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत सुरू झालं. बांद्र्याला माउंट मेरीजवळचं शांती आवेदना सदन, सुरू करणारे कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा आला होता. हेतू चांगला, पण परवान्यांचं जंजाळ आणि शिक्षेची भीती एवढी की हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. १९८५ मध्ये देशात वर्षाला ५७३ किलो मॉर्फिन वापरलं जायचं, ते १९९७ पर्यंत १८ किलोवर आलं. एवढ्या मोठ्या देशात अठरा किलो! आणि कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, मंदसौर-नीमचची शेतं प्रसिद्धच आहेत. ज्या पिकातून मॉर्फिन निघतं ते आपल्या शेतात, आणि कॅन्सरचा पेशंट मात्र पॅरासिटामॉलवर. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. तिथून केरळात घरोघरी जाणाऱ्या नर्सेस आणि गावातल्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचं धोरण केलं. कायद्यातली दुरुस्ती व्हायला मात्र २०१४ उजाडलं.

आणि ह्या नर्सेस रोज करतात तरी काय? दर दोन तासांनी कूस बदलणं, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. कोरडं पडलेलं तोंड ओल्या कापसाने पुसणं. मॉर्फिनबरोबर जुलाबाचं औषध आठवणीने देणं, कारण बद्धकोष्ठ ठरलेलाच. शेवटच्या तासांत घशातून घरघर येते तेव्हा घाबरलेल्या मुलाला बाजूला घेऊन सांगणं, की हा आवाज तुम्हाला ऐकवत नाही, पण त्यांना त्याचा त्रास होत असण्याची शक्यता कमी आहे. ह्यातलं काहीच शौर्याचं दिसत नाही. पण 'आता आमच्या हातात काही नाही' हे वाक्य किती अर्धवट आहे ते ह्या यादीवरून कळतं. बरं करणं हातात नसतं. बाकी बरंच असतं.

आपल्यातले बरेच जण आई-वडिलांपासून लांब आहोत, कुणी बेंगलोरला, कुणी न्यू जर्सीला. कधीतरी तो फोन प्रत्येकाला येणार आहे. तेव्हा दोनच गोष्टी लक्षात ठेवा. एक, पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल हे डॉक्टरांना आपणहून विचारायचं, तेही अगदी शेवटाची वाट न बघता. आणि दोन, वेदना सततची असेल तर औषध 'दुखेल तेव्हा' आहे की घड्याळाप्रमाणे, हे विचारायचं. हा प्रश्न विचारायला मेडिकलची डिग्री लागत नाही.

चला, एवढंच. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं, प्रॉमिस :)