पाणी उंचीनुसार उकळते. जस्त मात्र सर्वत्र सारखेच वितळते

गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते. कर्नाटकात बिदर शहरालगत असलेल्या मैलूरमध्ये मात्र ते सुमारे 98 अंशांनाच उकळू लागते. पाणी तेच असले तरी बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून अधिक उंच आहे आणि तेथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा कमी आहे. याच बिदरमध्ये शतकानुशतके जस्त वितळवून बिदरी भांडी घडविली जातात. जस्त मात्र किनाऱ्यावर आणि पठारावर एकाच तापमानाला, 419.5 अंशांना वितळते. हवेच्या दाबाचा प्रभाव उकळण्यावर एवढा आणि वितळण्यावर जवळपास शून्य का, याचे उत्तर पदार्थाच्या अवस्थांतरात आहे.

उकळणे आणि हवेचा दाब

द्रव तापू लागला की त्यातील रेणूंची हालचाल वाढते आणि वाफेचा दाबही वाढत जातो. हा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाला की द्रवाच्या पोटातच बुडबुडे तयार होतात. यालाच आपण उकळणे म्हणतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे 1,013 मिलिबार असतो. उंचीबरोबर तो घटतो आणि उत्कलनांकही खाली येतो. दर 300 मीटर उंचीमागे साधारण एक अंश, असा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार महाबळेश्वरला पाणी सुमारे साडेपंचाण्णव अंशांना, लेहमध्ये सुमारे 88 अंशांना, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर 70 अंशांच्या आसपास उकळते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी कमी अंशांना उकळते म्हणून अन्न लवकर शिजत नाही, उलट वेळ अधिक लागतो. अन्न शिजते ते तापमानामुळे, बुडबुड्यांमुळे नव्हे. एकदा उकळी फुटल्यावर उघड्या भांड्याखालची आच वाढविली, तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 540 कॅलरी उष्णता लागते आणि जादा आच त्यातच खर्ची पडते.

दाब वाढवून, दाब घटवून

कलबुर्गीची तूरडाळ प्रसिद्ध आहे. ती कुकरमध्ये झटपट शिजते, कारण कोंडलेली वाफ आतील दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट करते आणि पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते. दाब उतरण्यापूर्वी कुकर उघडणे धोक्याचे असते, तेही याच कारणाने. दाब अचानक घटताच शंभर अंशांहून अधिक तापलेले पाणी क्षणात उसळून उकळते आणि अंगावर येते.

साखर कारखान्यात याच्या उलट युक्ती वापरतात. निर्वात कढईतील हवा उपसून दाब घटविला जातो. त्यामुळे पाक शंभर अंशांच्या बराच खाली उकळतो आणि साखर करपत नाही.

वितळणे आणि गोठणे

पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे 1,600 पट होते. एवढे फुगण्यासाठी वाफेला सभोवतालची हवा ढकलावी लागते, म्हणून हवेचा दाब तेथे निर्णायक ठरतो. घन पदार्थ वितळताना आकारमानात अगदी थोडा बदल होतो. त्यामुळे दाबाला तेथे फारसा वाव उरत नाही. बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणायचा, तर वातावरणाच्या सुमारे 130 पट दाब द्यावा लागतो.

बर्फाच्या बाबतीत दाबाने द्रवणांक घटतो, कारण पाणी गोठताना फुगते. बहुतेक धातू गोठताना आक्रसतात. त्यांचा द्रवणांक दाबाने किंचित वाढतो. पठार आणि किनारा यांच्यातील दाबाचा फरक मात्र या दोहोंसाठी नगण्य आहे.

बिदरी ओतकामाची मर्यादा

बिदरीचा धातू म्हणजे बहुतांशी जस्त आणि थोडे तांबे. तांब्याचा स्वतःचा द्रवणांक 1,085 अंश असला, तरी ते वितळलेल्या जस्तात विरघळू शकते. हा रस मातीच्या साच्यात ओततात. भांडे निवाले की त्यावर कोरीवकाम करून चांदी बसवितात आणि बिदरच्या किल्ल्यातील मातीच्या साहाय्याने धातूला काळा रंग देतात.

आच किती ठेवायची, याला या कामात महत्त्व आहे, कारण जस्त 907 अंशांना उकळते. त्याच्या बरेच आधीपासून त्याची वाफ निघू लागते आणि हवेत ती जळून पांढरा धूर होतो. धातू वाया जातो, मिश्रणाचे प्रमाण बिघडते. शिवाय हा धूर श्वासावाटे गेल्यास कारागिराला थंडी वाजून ताप येऊ शकतो. म्हणूनच ओतकामाच्या जागी वारा खेळता हवा.

जस्ताच्या याच गुणामुळे ते खनिजातून काढणे अवघड होते. भट्टीच्या उष्णतेत ते मोकळे होताच वाफ होऊन निसटे. राजस्थानातील झावर येथे मध्ययुगात यावर उपाय सापडला. बंद मुशीतून वाफ खाली उतरवून, थंड करून जस्त मिळविले जाई.

व्यवहारात काय लक्षात ठेवावे

पाणी निर्जंतुक करण्यास मैलूरचे 98 अंश पुरेसे आहेत. समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरांहून उंच ठिकाणी मात्र उकळी फुटल्यानंतर तीन मिनिटे ती कायम ठेवावी. उघड्या भांड्यात शिजविताना उकळी येताच आच मंद करावी व झाकण ठेवावे. शिजण्याचा वेळ तोच राहतो आणि इंधन वाचते.