लहान खोलीसाठी सबवूफर घेताय? आधी खोली मोजा, मग डबा निवडा

दुकानातल्या डेमो रूममध्ये सिनेमा लागतो, पडद्यावर स्फोट होतो, छातीत धडधडतं आणि तिथल्या तिथे बारा इंची सबवूफरचं बुकिंग होऊन जातं. चार दिवसांनी तोच डबा १० बाय १२ च्या बेडरूममध्ये येऊन बसतो. आता स्फोटापेक्षा लोखंडी कपाटाच्या दाराची खडखड जास्त ऐकू येते. पलंगाच्या मधोमध बसलं तर बेस गायब आणि उठून भिंतीला टेकलं तर नुसतं घुमणं. खालच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवतात ते वेगळंच.

अशा वेळी संशय सबवूफरवर जातो. तो परत द्यायचा, त्याहून मोठा आणायचा, असं सुरू होतं. खरं तर बहुतेक वेळा डब्यात काहीच बिघाड नसतो. खालच्या सुरांच्या बाबतीत स्पीकरइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, खोली वाजत असते. म्हणूनच लहान खोलीसाठी सबवूफर निवडताना ब्रोशरच्या आधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते.

सबवूफर नेमकं काय वाजवतो?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. यातला अगदी तळाचा भाग सबवूफरच्या वाट्याला येतो. ५.१ साउंड म्हणतात त्यातला शेवटचा '.१' म्हणजे सिनेमातल्या दणक्यांसाठी राखलेला वेगळा चॅनल. त्यात १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी २७.५ हर्ट्झवर. सिनेमातले भूकंप, विमानं आणि स्फोट याच्याही खाली उतरतात.

प्रेक्षकाला हादरवण्याची ही हौस जुनी आहे. १९७४ साली युनिव्हर्सल स्टुडिओने 'अर्थक्वेक' हा चित्रपट आणला, तेव्हा 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा थिएटरांत बसवली होती. राक्षसी आकाराचे बेस स्पीकर लावून खुर्च्यांना अक्षरशः कंप आणला जायचा. थिएटरच्या प्रचंड हवेला हलवायला तेवढे मोठे स्पीकर लागतातच. बेडरूममधल्या हवेला ते लागत नाहीत, आणि लहान खोलीचा पहिला फायदा हाच.

५६२ चं साधं गणित

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या वर भरते, २० हर्ट्झची तर १७ मीटर. साडेतीन मीटरच्या खोलीत ती मावणार कशी? मावत नाहीच. ती समोरच्या भिंतीवर आपटून परत येते, जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि काही ठराविक सुरांवर खोलीत 'उभी लाट' तयार होते. त्या सुरावर काही जागी आवाज फुगतो, काही जागी तो जवळजवळ पुसला जातो.

तुमच्या खोलीत हे कोणत्या सुरावर होणार, ते मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येतं. ५६२ ला खोलीच्या फुटांनी भागा. १२ फूट लांबीला ४७ हर्ट्झ, १० फूट रुंदीला ५६ आणि ९ फूट उंचीला ६२ हर्ट्झ येतात. तिन्ही आकडे किती जवळजवळ आहेत बघा. लहान खोलीतला बेस 'घुमतो' म्हणतात, त्याचं कारण या दाटीत आहे. सिनेमातलं आणि गाण्यातलं कितीतरी बेस संगीत नेमकं याच पट्ट्यात असतं. खोली १० बाय १० आणि उंचीही दहाच फूट असेल तर आणखी वाईट, कारण मग तिन्ही लाटा एकाच सुरावर एकमेकींच्या खांद्यावर चढतात.

यातून निघणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट बसण्याच्या जागेबद्दल आहे. लांबीच्या बरोबर मध्यावर त्या पहिल्या लाटेचा दाब जवळपास शून्य असतो. तिथे खुर्ची टाकली तर ४७ हर्ट्झचा ठोका तुमच्यापर्यंत पोचतच नाही. आवाज वाढवला तरी नाही, दुप्पट मोठा सबवूफर आणला तरी नाही. फूट-दोन फूट पुढे-मागे सरकलं की तो परत येतो. अगदी मागच्या भिंतीला टेकून बसलं तर उलट होतं. तिथे सगळंच फुगतं. अनेक जण पैसे खर्च करून जे दुरुस्त करू पाहतात, ते सोफा सरकवून दुरुस्त होण्यासारखं असतं. अर्थात पलंगाला जागाच एक असेल तर हा सल्ला कागदावरच राहतो आणि मग डबा हलवावा लागतो. त्याबद्दल पुढे.

याच लाटांच्या खाली मात्र खोली तुमच्या बाजूने असते. ४७ हर्ट्झच्या खाली लाट उभीच राहू शकत नाही, त्यामुळे सबवूफर खोलीतली सगळी हवा एकत्र दाबतो आणि सोडतो, सायकलच्या पंपासारखा. जितकं खाली जाल तितका खोलीचा आधार वाढतो. पूर्ण बंद आणि पक्क्या खोलीत हा चढ सिद्धांताने दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. दारांच्या फटी, खिडक्या यांमुळे प्रत्यक्षात तो कमी मिळतो. तरीही आपल्याकडच्या विटा-काँक्रीटच्या भिंती हा दाब चांगला धरून ठेवतात. अमेरिकेतल्या घरांत आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीवर जिप्समच्या पाट्या ठोकून केलेल्या असतात, त्या थोड्या लवतात आणि बेस शोषतात, गळूही देतात. म्हणून तिकडच्या व्हिडिओंमध्ये सांगितलेले इंच आणि वॉट इथल्या १० बाय १२ साठी बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त ठरतात.

एक खबरदारी. हॉलला दारच नसेल, तो पॅसेजला आणि किचनला उघडा असेल, तर सबवूफरच्या दृष्टीने ती सगळी मिळून एकच खोली आहे. वन बीएचकेचा हॉल दिसायला लहान असतो, हवेच्या हिशोबाने नसतो.

बंद डबा की भोकाचा?

सबवूफरचे मुख्य प्रकार दोन. एक सीलबंद, दुसरा पोर्टेड, म्हणजे ज्याला हवा बाहेर टाकणारी नळी असते. सीलबंद डब्याची कल्पना एडगर विल्चर यांनी १९५४ साली 'एआर-१' या स्पीकरमधून बाजारात आणली. त्यात कोंडलेली हवाच कोनासाठी स्प्रिंगचं काम करते. त्याच काळातले स्पीकर डिझायनर अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. डबा लहान हवा, बेस खोल हवा आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाजही हवा, या तीन मागण्यांपैकी एका वेळी दोनच पुऱ्या होतात. कोणी 'लहान डबा, खोल बेस, प्रचंड दणका' असं तिन्ही विकत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

पोर्टेड सबवूफर ठराविक सुरापर्यंत जास्त जोरात वाजतो, पण त्याखाली दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. सीलबंद सबवूफर १२ डेसिबलने, म्हणजे सावकाश उतरतो. आणि लहान बंद खोली खालच्या बाजूला चढत असते. एकाचा उतार आणि दुसऱ्याचा चढ बऱ्यापैकी जुळतो. म्हणून कागदावर कमी खोल दिसणारा सीलबंद डबा लहान खोलीत अनपेक्षितरीत्या खाली जातो. शिवाय तो आकाराने लहान असतो, पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत बसतो. 'सीलबंद म्हणजे संगीतासाठी, पोर्टेड म्हणजे सिनेमासाठी' असं सरसकट सांगितलं जातं, ते मात्र फार मनावर घेऊ नये. नीट बनवलेला पोर्टेड सबवूफर उत्तम संगीत वाजवतो. काहींसोबत नळीत खुपसायला फोमचं बूचही मिळतं. मोठ्या उघड्या हॉलसाठी पोर्टेडच घ्यावा. बंद बेडरूमसाठी सीलबंदला झुकतं माप द्यावं, एवढंच.

इंच आणि वॉट

ढोबळमानाने, दार बंद होणाऱ्या दीड हजार घनफुटांपर्यंतच्या खोलीला आठ किंवा दहा इंची सबवूफर पुरतो. १० बाय १२ बाय ९ म्हणजे १,०८० घनफूट. दोन्हींत निवड असेल आणि बजेट परवडत असेल तर दहा इंची घ्यावा. कारण असं की तेवढ्याच जोराने एक सप्तक खालचा सूर वाजवायचा तर कोनाला चौपट हलावं लागतं. कोनाचं क्षेत्रफळ जितकं जास्त तितकी ही धावपळ कमी, आणि आठ इंचीपेक्षा दहा इंचीचं क्षेत्रफळ दीडपटीहून थोडं जास्त असतं. बारा इंची निषिद्ध नाही. पण त्याची ताकद तिथे वापरली जाणार नसेल तर जागा आणि पैसे दोन्ही अडकतात.

वॉटच्या आकड्याला तर अजिबात भुलू नये. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॉट. त्यातही खोक्यावर 'पीएमपीओ' लिहिलं असेल तर तो आकडा सरळ विसरावा. त्याला ठरलेली मोजणीच नाही. आरएमएस वॉट बघावेत आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती हर्ट्झपर्यंत, किती डेसिबलच्या फरकात वाजतो ते. '२५ हर्ट्झ, उणे ३ डेसिबल' या वाक्याला अर्थ आहे. नुसत्या '२० हर्ट्झ'ला नाही.

साउंडबारसोबत येणारे छोटे वायरलेस डबे हा वेगळा मामला. बारमधले स्पीकर इवलेसे असल्यामुळे त्या डब्यांना बरेच वरचे सूरही वाजवावे लागतात. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही, पण त्याच्या वरचा कळायला लागतो. म्हणून असा डबा पलंगामागे लपवू नये, टीव्हीच्या जवळच ठेवावा.

रांगत शोधायची जागा

सबवूफरची जागा शोधायची सगळ्यात भरवशाची पद्धत थोडी हास्यास्पद दिसते. सबवूफर उचलून तुमच्या बसण्याच्या जागी, चक्क सोफ्यावर ठेवायचा. बेस गिटार सतत चालू असलेलं एखादं ओळखीचं गाणं लावायचं. मग भिंतीकडेने, कान जमिनीजवळ ठेवून रांगत फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारखा, सुटसुटीत ऐकू येईल ती सबवूफरची जागा. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, म्हणून ही युक्ती चालते. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, त्यामुळे बहुतेक डबे कोपऱ्यात जातात. पण तिथे खोलीच्या सगळ्या उभ्या लाटाही पूर्ण जोराने जाग्या होतात.

एका मोठ्याऐवजी दोन लहान सबवूफर हा पर्याय महाग वाटतो, पण गंभीरपणे विचार करण्यासारखा आहे. हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ साली 'किती सबवूफर पुरेसे' याच प्रश्नावर शोधनिबंध मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला तर ती पहिली उभी लाट बरीचशी रद्द होते आणि खोलीतल्या जास्त जागांवर सारखा बेस मिळतो. एकटाच माणूस एकाच खुर्चीत बसून पाहणार असेल तर एक पुरतो. चौघे जण पलंगभर पसरून पाहणार असतील तर दोनचा उपयोग कळतो.

जोडल्यावर रिसिव्हरमध्ये क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. सबवूफरच्या पाठीमागचं क्रॉसओव्हरचं बटण अशा वेळी पूर्ण वर न्यावं, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. फेजचं बटण ० आणि १८० दोन्हीवर करून, ज्यात बेस जास्त भरीव येतो ते ठेवावं. रिसिव्हरसोबत आलेल्या माइकने आपोआप दुरुस्ती होते, ती जरूर करावी. ती फुगलेले सूर खाली आणते. पुसला गेलेला सूर मात्र तिलाही भरून काढता येत नाही.

आणि खालच्या काकू

पडदे, गादी, भिंतीवरचा फोम यांनी बेस अडत नाही. ५० हर्ट्झची लाट शोषायला सच्छिद्र वस्तूची जाडी मीटरच्या हिशोबात लागते. अंड्यांचे ट्रे तर निव्वळ धूळ धरतात. डब्याखाली जाड रबरी पाय लावले की फरशीत थेट उतरणारा कंप आणि कपाटाची खडखड कमी होते, पण हवेतून स्लॅबवर आदळणारा बेस राहतोच.

मोबाइलच्या ॲपवर आवाज मोजून 'आमचा तर ५० डेसिबलसुद्धा नाही' असं सांगण्यातही एक गोम आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती 'ए' मापाने मोजली जाते. हे माप ५० हर्ट्झच्या आवाजाला सुमारे ३० डेसिबल कमी धरतं. त्यामुळे ॲपवर आकडा शांत दिसतो आणि खालच्या घरात पंखा हादरत असतो. आकड्यावर वाद घालण्यापेक्षा रात्री एकदा खाली जाऊन त्यांच्या बेडरूममध्ये दोन मिनिटं उभं राहिलं तर जास्त कळतं.

रात्री उशिरा सिनेमा पाहणाऱ्यांसाठी रिसिव्हरमधला नाइट मोड असतो, तो मोठे दणके दाबून संवाद वर आणतो. याहून मजेदार तोड म्हणजे बेस शेकर. हे छोटं यंत्र सोफ्याच्या चौकटीला खालून स्क्रूने बसवतात. ते हवा हलवत नाही, थेट सोफा हलवतं. सबवूफर अगदी हळू ठेवूनही स्फोट पाठीत जाणवतो. सोफ्याच्या पायांखाली मात्र रबर हवंच, नाहीतर तो हादरा पुन्हा फरशीतून काकूंकडेच जाईल.