वकट, लेंड, मूंड आणि लिथोब्रेकिंग

मंडळी, माझ्या वयाच्या कुणाही माणसाला नुसतं "वकट, लेंड..." म्हणून बघा. "मूंड, नाल" तो आपसूक म्हणेल. विटी पायावर ठेवून मारायची, मुठीवर ठेवून मारायची, डोळ्यावर ठेवून मारायची, तेही त्याला आठवेल. पण शब्दांचा अर्थ विचारा, की गडी गप्प!

हे आकडे आहेत. तेलुगूत एकला ओकटि, दोनला रेंडु, तीनला मूडु आणि चारला नालुगु म्हणतात. म्हणजे महाराष्ट्रातली पोरं पिढ्यान् पिढ्या तेलुगूत मोजत होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. आमच्या गोंदिया जिल्ह्यात तर आणखी एक गंमत आहे. इथल्या गोंडी बोलीतही तीनला मुंड आणि चारला नालुंग म्हणतात. तेलुगू आणि गोंडी या दोन्ही द्राविड कुळातल्या, म्हणून हे साम्य. देवरी, सालेकसा भागातल्या एखाद्या गोंड आजीला विचारा, "मूंड" म्हणजे काय ते ती लगेच सांगेल. आमचे पंडित मात्र कोश चाळत बसतील.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा नातू. पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. सुटीत आला की संगणकावर रॉकेटं उडवतो. खेळाचं नाव 'कर्बल स्पेस प्रोग्राम'. सिम्युलेटर म्हणजे काय हे गोंदियाकरांना सांगायला नको. बिरसीच्या विमानतळावर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, तिथली मुलं खऱ्या विमानाबरोबर खोट्या कॉकपिटमध्येही धडे गिरवतात. हा तसलाच प्रकार, फक्त अंतराळाचा.

हा खेळ मेक्सिकोतल्या 'स्क्वाड' नावाच्या कंपनीने केला. २०११ च्या जूनमध्ये त्याचं पहिलं रूप लोकांसमोर आलं आणि पूर्ण आवृत्ती निघाली २०१५ साली. तो रचणारे फेलिपे फलांगे लहानपणी दिवाळीतल्यासारख्या रॉकेटांना पत्र्याची छोटी माणसं बांधून उडवायचे, आणि त्या माणसांना 'कर्बल' म्हणायचे. खेळातले हिरवे बुटके अंतराळवीर ते हेच. त्यांच्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटर, म्हणजे आपल्या पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पण पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण आपल्याइतकंच, आणि कक्षेचं गणित न्यूटन-केप्लरचंच. त्यामुळे रॉकेट बहुधा पडतं. पडतं, फुटतं, उलटतं, आणि खेळणारे प्रत्येक पडण्याला एक नाव ठेवतात.

नातू सांगत होता, "आबाजी, आज माझं लिथोब्रेकिंग झालं." मी विचारलं, हे काय प्रकरण? ग्रीकमध्ये लिथॉस म्हणजे दगड. यान ग्रहाच्या हवेत शिरून हवेच्या घर्षणाने वेग कमी करतं, त्याला एरोब्रेकिंग म्हणतात. तो खरा शास्त्रीय शब्द. त्याच चालीवर, दगडावर आपटून वेग कमी करणं म्हणजे लिथोब्रेकिंग! ब्रेक लागतो हे खोटं नाही, फक्त यान शिल्लक राहत नाही. थट्टा असली तरी याला एक सन्माननीय अपवाद आहे बरं का. ४ जुलै १९९७ ला 'मार्स पाथफाइंडर' हवेच्या पिशव्यांत गुंडाळून मंगळावर उतरलं ते चेंडूसारखं टप्पे घेत घेत, आणि पुढे महिनोन् महिने कामही केलं.

दुसरा शब्द लांबलचक आहे. त्याचा मराठीत अर्थ 'अनियोजित जलद विघटन'. म्हणजे स्फोट. हा खेळाच्याही आधीचा, रॉकेट बनवणाऱ्या इंजिनिअरांचा जुना विनोद. खेळणाऱ्या पोरांनी तो उचलला आणि घरोघर नेला. स्पेसएक्सचे एलन मस्क यांनीही २०१५ साली आपलं रॉकेट समुद्रातल्या तराफ्यावर आपटलं तेव्हा हाच शब्द वापरला.

तिसरा 'क्राकेन'. नॉर्वेच्या दंतकथांमधला जहाजं गिळणारा समुद्रराक्षस. खेळात यान फार दूर गेलं की ते उगाचच थरथरायला लागायचं आणि तुकडे व्हायचे. कारण असं, की संगणक आकडे ठराविक अंकांपर्यंतच धरतो. अंतर प्रचंड झालं की शेवटचे अंक गळतात, मग यानाचा प्रत्येक भाग नक्की कुठे आहे तेच त्याला नीट कळत नाही. पोरांनी त्याला राक्षसाचं नाव दिलं. उपाय मोठा मजेशीर निघाला. यान जागच्या जागी ठेवायचं आणि सगळं विश्वच त्याच्याभोवती सरकवायचं! आपल्या आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये नावेतल्या माणसाला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात तो दाखला दिला होता, त्याची मला आठवण झाली.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, या पोरखेळात इतिहास कुठला? तर तो असा, की शब्द दोन ठिकाणी जन्मतात. एक कचेरीत, दुसरा मैदानात. कचेरीतल्या शब्दाला शिक्का असतो. १९६२ च्या सुमारास सरकारी पदनामकोश निघाला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं. त्यातले बरेच शब्द पुढे रुळले, हे कबूल करायला हवं. पण मैदानातला शब्द कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. नागपूरकडे पतंग कटला की "ओ काट" होतं, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये "टप्पा आउट" होतं. ते कुणी ठरवलं? कुणीच नाही, आणि सगळ्यांनीच.

पण मला खरा फरक जाणवतो तो अपयशाच्या शब्दांत. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रापासून २.१ किलोमीटरवर असताना संपर्क तुटल्याचं जाहीर झालं. त्यानंतर अधिकृत उत्तरात शब्द आला 'हार्ड लँडिंग'. गोंजारणारा शब्द. नातू मात्र म्हणाला, "लिथोब्रेकिंग झालं हो आबाजी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी म्हणाला. मला ते हसणं उर्मट नाही वाटलं. हजार वेळा स्वतःचं यान आपटलेल्या पोराचं ते होतं. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला, चांद्रयान-३ उतरलं. मागचं का आपटलं याचा नीट हिशेब मांडून, काय काय बिघडू शकतं ते आधी धरूनच ते बांधलं होतं.

शाळेतही हेच पाहिलं. २०१६ च्या सुमारास दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'नापास' शब्द गेला आणि 'कौशल्य विकासास पात्र' आलं. हेतू चांगला होता, पोराचं मन दुखू नये हा. पण पोरांना कळायचं ते कळतंच. त्यांचे स्वतःचे शब्द होते, "गचकलो", "विकेट गेली". जो पोरगा चारचौघांत "माझी विकेट गेली" म्हणून हसायचा, तो पुढच्या खेपेला पुस्तक उघडायचा, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. जो काहीच बोलत नसे, त्याचीच मला रात्री काळजी वाटायची. गोड शब्द पडणं झाकतो, थट्टेचा शब्द ते उघडं करतो आणि वर म्हणतो, ऊठ, पुन्हा डाव मांड.

एकच रुखरुख आहे. खेळ गेला की त्याचे शब्दही जातात. विटीदांडू आता आमच्या गावातही दिसत नाही. रॉकेटवाल्या पोरांचे शब्द निदान लिहिलेले तरी आहेत, आपले नुसते तोंडात होते. 'मूंड' गेला तर मराठी पोरं आणि गोंडी पोरं कधीकाळी एकाच मैदानात एकाच आकड्यांनी मोजत होती, याची एक खूणही जाईल.

तेव्हा मंडळी, तुमच्या गावात 'नाल'च्या पुढे काय म्हणत, विटी कुठे ठेवून मारत, ते जरूर लिहून कळवा. आमच्या सगेसोयऱ्यांनी तर लाजूच नये. गावाचं नाव तेवढं सोबत टाका, मी वहीत उतरवून घेतो आहे.