ठिणगीची वेळ : इंजिनाच्या टायमिंगचा इतिहास

पेट्रोल इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हा प्रश्न इंजिनाइतकाच जुना आहे. निकोलाउस ओट्टो याने 1876 मध्ये यशस्वी केलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनात हवा व इंधनाचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही कामे पिस्टनच्या चार धावांत होतात. मात्र मिश्रण पेटून पूर्ण दाब निर्माण व्हायला काही सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला 3000 फेरे घेणारा क्रँकशाफ्ट तेवढ्यात, एकेका सहस्रांश सेकंदाला 18 अंश, फिरून जातो. त्यामुळे पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडावी लागते आणि वेग वाढेल तशी ती आणखी आधी आणावी लागते. याला अ‍ॅडव्हान्स म्हणतात.

गोटलीब डाइमलरच्या पहिल्या इंजिनांत तापवलेल्या नळीने मिश्रण पेटत असे, त्यामुळे वेळेवर नियंत्रण असे फारसे नव्हतेच. विजेची ठिणगी रूढ झाल्यावर ते नियंत्रण चालकाच्या हाती आले. 1908 मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगखाली त्यासाठी स्वतंत्र दांडी होती. हँडल मारताना ती मागे घ्यायची राहिली, तर इंजिन उलटा झटका देई आणि त्या झटक्याने मनगट मोडण्याचे प्रसंग घडत.

चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेली कॉइल, पॉइंट व डिस्ट्रिब्यूटर यांची पद्धत 1910 मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आली. पुढील दशकांत डिस्ट्रिब्यूटरमध्येच वेगानुसार बाहेर फाकणारी वजने आणि इंजिनाच्या ओढीवर हलणारा पडदा बसवला गेला व स्टिअरिंगखालची दांडी नाहीशी झाली. वेळ साधण्याची जबाबदारी चालकाकडून मेकॅनिककडे गेली ती अशी, आणि नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या टायमिंगमधील दोष शोधणे ही कारागिरीची स्वतंत्र शाखा बनली.

या शाखेचा खरा वारसा म्हणजे तपासणीचा क्रम. क्रँकशाफ्ट साखळीने कॅमशाफ्टला आणि कॅमशाफ्ट दात्यांनी डिस्ट्रिब्यूटरला फिरवत असल्याने आधीच्या टप्प्यातील चूक पुढच्या टप्प्यात वेगळ्याच रूपात दिसते. म्हणून साखळीच्या चक्रांवरील खुणा प्रथम जुळवाव्या लागतात. तेथे एक दाता चुकला, तर व्हॉल्व्हच अवेळी उघडतात आणि डिस्ट्रिब्यूटर कितीही फिरवला तरी इंजिनाला ओढ येत नाही. कॅमशाफ्ट अर्ध्या वेगाने फिरत असल्याने पिस्टन एका चक्रात दोनदा माथ्यावर येतो. चुकीच्या माथ्यावर डिस्ट्रिब्यूटर बसवल्यास खुणा जुळूनही गाडी सुरू होत नाही, उलट कार्ब्युरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजतात. हा घोळ टाळण्यासाठी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरण्याची रीत पडली, कारण दाबाच्या धावेतच हवा अंगठ्याला ढकलते. त्यानंतर पॉइंटमधील फट बसवली जाई, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडून ठिणगीही आधी पडते. पॉइंटला जोडलेला छोटा बल्ब ज्या क्षणी पेटे, तो ठिणगीचा क्षण मानून डिस्ट्रिब्यूटर आवळण्याचे काम सर्वांत शेवटी येई.

मुंबईत ही कारागिरी दीर्घकाळ टिकली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली 1089 घनसेंटिमीटरची फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावत असल्याने तिचे इंजिन पुनःपुन्हा बांधावे लागे. रॉकेलची भेसळ असलेल्या पेट्रोलवर पुस्तकातील आकडा लागू पडत नसे. चढावर इंजिन खडखडू लागले की टायमिंग थोडे मागे घेतले जाई, आणि ते फार मागे गेले की गाडी तापे व पेट्रोल जास्त खाई. या दोन टोकांमधील जागा कानानेच ठरे.

1970 च्या दशकात पॉइंटविरहित इलेक्ट्रॉनिक पद्धती आल्या आणि पुढे ठिणगीची वेळ संगणक ठरवू लागला, तेव्हा डिस्ट्रिब्यूटर फिरवून टायमिंग लावण्याची गरजच उरली नाही. मात्र क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारी साखळी किंवा पट्टा आजही माणसाच्याच हाताने बसवला जातो. तेथे दाता चुकला, तर दोन्ही शाफ्टवरील सेन्सरांचे संकेत जुळत नसल्याचे संगणक नोंदवतो, पण चूक सुधारायला इंजिन उघडून खुणाच पाहाव्या लागतात. जुन्या क्रमाच्या शेवटच्या पायऱ्या कालबाह्य झाल्या असल्या, तरी त्याची पहिली पायरी अशी कायम राहिली आहे.