‘स्त्रीपुरुष तुलने’चे मुखपृष्ठ

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यास छापून निघाले. आपल्या पनवेलची नगरपालिका तेव्हा तीस वर्षांची झाली होती. पण उच्चवर्णीय घरांतून विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरतच होता. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रे साऱ्या स्त्रीजातीवर तुटून पडली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली. १९७५ साली स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा उजेडात आणले.

अशा ग्रंथाला मुखपृष्ठ द्यावयाचे तर कोणते? दीनानाथ दलालांच्या चित्रांतली एखादी रूपवती घातली, तर पाहणारा तिच्या डोळ्यांतच अडकेल. केशवपन झालेली विधवा काढली, तर दया उपजेल; ताराबाईंना हवा होता न्याय. सौभाग्यात नटावे आणि वैधव्यात विद्रूप व्हावे, या दोन्ही आज्ञा एकाच दरबारातून सुटत. बायको मेल्यावर पुरुषाने मिशा का उतरवू नयेत, हा ताराबाईंचा रोखठोक सवाल.

म्हणून आम्हांस वाटते, मुखपृष्ठावर नुसता एक वस्तरा असावा आणि शेजारी एक पीळदार मिशी. तुलना वाचकाने आपली आपण करावी.