देऊळ फिरलें, नाटकगृहही फिरलें

परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान मानलेल्या नरसीस गेलों, म्हणजे तेथून थोड्या अंतरावरील औंढा नागनाथची आख्यायिका आम्हांस आठवल्यावांचून राहत नाहीं. नामदेवांस कीर्तनासाठीं देवळाच्या मागें जावें लागलें. तेव्हां देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें! या कथेचें ऐतिहासिक मोल कांहींही असो. जिकडे कला तिकडे वास्तु वळते, हें तिच्यांतील मर्म खरें आहे. मुंबईचें रॉयल ऑपेरा हाउस याची साक्ष देतें.

गिरगांवांतील या गृहाचें उद्घाटन 1911 सालीं पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्तें झालें. बांधकाम मात्र पुढेंही चालूं होतें. नांव विलायती संगीतिकेचें, तरी तेथें बालगंधर्व व मास्टर दीनानाथ यांचे स्वर घुमले. पुढें बोलपट आला आणि 1935 सालीं नाटकगृहाचें चित्रपटगृह झालें. त्याच सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रांत खुद्द बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेंत पडद्यावर आले. नटसम्राटच वळल्यावर वास्तूस दोष कां द्यावा? 1952 सालीं गोंडलच्या महाराजांनीं तें विकत घेतलें. नंतर दूरदर्शन व व्हिडिओ घरोघरीं पोंचले, प्रेक्षक ओसरले, आणि 1993 सालीं दारें बंद झालीं. नवल असें, कीं दारें बंद असतांही भोंवतालचा भाग 'ऑपेरा हाउस' याच नांवानें ओळखला जात होता.

वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालीं जीर्णोद्धार झाला. चित्रपटासाठीं काढून टाकलेले रंगमंचालगतचे सज्जे जुन्या छायाचित्रांवरून पुनः उभारण्यांत आले. ऑक्टोबर 2016 मध्यें गृह उघडलें. 2017 सालीं युनेस्कोचा पुरस्कारही लाभला. संगीत, नृत्य व नाट्य यांस त्यांचें जुनें घर परत मिळालें, याचा आम्हांस मनापासून आनंद आहे.

तथापि एक शंका उरते. घुमटाचा सोनेरी मुलामा कारागीर परत आणूं शकतो. पिटांत दाटीनें बसून 'वन्स मोअर'चा गजर करणारा प्रेक्षक त्यास घडवितां येत नाहीं. उंची तिकिटाच्या उंबरठ्यावर तो अडला, तर उरेल तें केवळ शोभेचें दालन. औंढ्याचें देऊळ फिरलें, तें मागें लोटलेल्या भक्ताकडे. जीर्णोद्धार झालेल्या प्रत्येक नाटकगृहानें कोणीकडे तोंड करावें, हें त्या कथेनें केव्हांच सांगून ठेविलें आहे.